गाठीपेक्षा मौन घातक

स्तनात गाठ हाताला लागली की घरातील स्त्री बहुधा गप्प बसते. मुलीची परीक्षा, सासूबाईंचे आजारपण, घरातील लग्नकार्य अशी एकेक निमित्ते पुढे येतात आणि महिने उलटतात. या अवयवाविषयी घरात बोलायचे कसे, हा संकोच त्यामागे असतो. त्याहून मोठी असते ती ‘कर्करोग निघाला तर?’ ही धास्ती.

वस्तुतः स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण वयात आढळणारी, बोटाखाली सरकणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ किंवा पाळीपूर्वी दुखणाऱ्या पाण्याच्या गाठी या साध्याच होत. परंतु हा निवाडा शेजारणीच्या अनुभवावरून करता येत नाही. डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि गरज भासल्यास सुईने काढलेल्या तुकड्याची परीक्षा यांचा मेळ बसल्यावरच तो होतो. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, हा समज तर घातकच. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही.

अहवाल ‘साधी गाठ’ असा आल्यावरही काही भगिनी वर्षानुवर्षे भीतीच्या छायेत वावरतात. साध्या फायब्रोअ‍ॅडिनोमामुळे कर्करोगाचा धोका फारसा वाढत नाही, हे त्यांनी जाणावे. तुकड्यात पेशींची असामान्य वाढ, म्हणजे एटिपिकल हायपरप्लेझिया, आढळल्यास मात्र तो सुमारे चौपट होतो. म्हणूनच गाठ कोणत्या प्रकारची आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, अहवाल जपून ठेवावा आणि गाठ वाढली वा नवी लागली तर जुन्या अहवालावर विसंबू नये.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक अंतराने केवळ हाताने तपासणी केली. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. त्याखालील वयात तसा लाभ आढळला नाही. तरीही गाठ लागली तर कोणत्याही वयात ती दाखविलीच पाहिजे.

एवढ्या साध्या तपासणीने प्राण वाचत असतील, तर ती टाळण्याचे पाप एकट्या स्त्रीच्या माथी मारता येणार नाही. घरातील प्रत्येकाच्या पथ्यपाण्याची काळजी ती वाहते. तिला दवाखान्यात नेण्यासाठी एक दिवस रजा काढणे, अहवाल येईपर्यंत तिच्यासोबत असणे, हे पती आणि मुलांचे कर्तव्यच आहे. आईने लेकीशी आणि सासूने सुनेशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. तिथूनच हे मौन सुटू लागेल.