फट आहे, नाणे नाही

मावळातल्या एका बंगल्यात घरी बांधलेली 'स्पेस इन्व्हेडर्स'ची पेटी पाहिली. प्लायवूडचा सांगाडा, बाजूंना हुबेहूब चित्रे, आत रास्पबेरी पाय. सुतारकामाबद्दल माझी तक्रार नाही (ते उत्तमच होते). तक्रार आहे ती यजमानांनी वापरलेल्या 'वारसाजतन' या शब्दाबद्दल.

१९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ रचला. शत्रू मरत जातात तसा यंत्रावरचा भार हलका होतो आणि उरलेले अधिक वेगाने अंगावर येतात. यंत्राची ही मर्यादा त्यांनी खेळात मुद्दाम राहू दिली. १९९७ साली सुरू झालेल्या 'मेम' प्रकल्पाने असे जुने खेळ आजच्या संगणकांवर जिवंत ठेवले. ते जतन मला मान्य आहे. इथे मात्र नाण्याची फट निव्वळ शोभेची. जीव संपले की कळ दाबायची, पुन्हा आरंभ. ज्या खेळाची सारी रचनाच पुढचे नाणे उकळण्यासाठी झाली, त्यात हरण्याला अर्थ कोणता उरतो? लोणावळ्याच्या बाजारातल्या पार्लरमध्ये खिशात शेवटचा रुपया असे, आणि पाठीशी आपल्या हरण्याची वाट पाहणारा अनोळखी पोरगा. हात थरथरत ते त्यामुळे.

"इथे रांगेत उभे राहावे लागत नाही," यजमान कौतुकाने म्हणाले.