केबल सोडली, संघ सोडलेला नाही

प्रति,
माहिती व प्रसारण मंत्रालय, प्रसार भारती, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), कर्नाटक राज्य क्रिकेट संघटना, तसेच प्रो कबड्डी, इंडियन सुपर लीग व प्राइम व्हॉलीबॉल लीग यांचे आयोजक आणि प्रक्षेपण-हक्कधारक

विषय : केबल बंद केलेल्या घरांना स्थानिक संघांचे सामने पाहता यावेत यासाठी मागणीपत्र

महोदय,

बेंगळुरूतल्या बनशंकरीच्या सेकंड स्टेजपासून सिक्स्थ स्टेजपर्यंत विखुरलेल्या मराठी कुटुंबांची ही संघटना. कुणाचे आजोबा इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले, कुणी परवापरवा पुण्याहून लॅपटॉपची बॅग घेऊन उतरले, कुणी बेळगाव-निपाणीकडचे. गेल्या काही वर्षांत आमच्यातल्या अनेक घरांनी केबल बंद केली. महिन्याचे बिल आणि प्रत्यक्ष पाहिली जाणारी चॅनेले यांचा मेळ बसेना, हे साधे कारण. बातम्या मोबाइलवर आल्या, मालिका ॲपवर गेल्या, जुने सिनेमे यूट्यूबवर सापडले. अडले ते खेळापाशी. त्यातही भारताच्या सामन्यांपाशी नाही, आपल्या गावच्या संघांपाशी.

आपला संघ कोणता, यावरच आमच्या घरांत भांडण असते. 2014 साली हैदराबादला रणजीच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने महाराष्ट्राला हरवले. त्या मोसमात सर्वाधिक धावा महाराष्ट्राच्या केदार जाधवच्या, करंडक मात्र इकडे आला. 2015 मध्ये प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात यू मुंबाने बेंगळुरू बुल्सला नमवून हिशेब थोडा चुकता केला. जानेवारी 2025 मध्ये विजय हजारे करंडकासाठी कर्नाटक आणि विदर्भ भिडले, तेव्हा विदर्भाचा कर्णधार होता कर्नाटकातून तिकडे गेलेला करुण नायर, म्हणजे कुणी कुणाला टाळ्या द्यायच्या हाच प्रश्न. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेंगळुरू टॉर्पेडोजने मुंबई मीटिअर्सला हरवून व्हॉलीबॉलची लीग जिंकली. वडील एका बाजूला, कन्नड माध्यमात शिकलेली लेक दुसऱ्या. हे भांडण आम्हांला हवेच आहे. त्यासाठी आधी सामना दिसायला हवा.

‘टीव्हीवर दिसत नसेल तर मैदानावर जा’ असा सल्ला आम्हांला नेहमी मिळतो. जायचे कुठे ते कृपया सांगावे. टॉर्पेडोजने जिंकलेला तो सबंध मोसम हैदराबादला झाला. बेंगळुरू बुल्सने 2017 मध्ये ‘घरचे’ सामने खेळले ते नागपूरच्या मानकापूर स्टेडियमवर (आमच्यातल्या वऱ्हाडी सभासदांना त्याचे फार सुख झाले, ते सोडा). प्रो कबड्डीचा अकरावा मोसम हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथे झाला, बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. सलग दोन मोसम बेंगळुरूच्या नावाचा संघ बेंगळुरूत एकही सामना खेळला नाही. कंठीरवाच्या बंदिस्त स्टेडियमबाहेर रांग लावून तिकीट काढणारा प्रेक्षक आजही या शहरात आहे, सामना नाही.

क्रिकेटचे कारण वेगळे आणि जास्त दुःखाचे आहे. 4 जून 2025 रोजी आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. त्यानंतर गर्दीबाबत कडक धोरण घेतले गेले, ते योग्यच होते. पण त्याचा परिणाम पाहा. राज्याची टी-ट्वेंटी स्पर्धा, महाराजा ट्रॉफी, म्हैसूरला हलली. महिला विश्वचषकाचे इथले सामने नवी मुंबईला गेले. 24 डिसेंबर 2025 रोजी विराट कोहली विजय हजारे करंडकात दिल्लीकडून आंध्रविरुद्ध खेळला, तोही याच शहरात, बीसीसीआयच्या सेंटर ऑफ एक्सलन्सच्या मैदानावर. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता आणि सामन्याचे थेट प्रक्षेपणही नव्हते. शहरात शतक झाले आणि शहराने ते धावफलकाच्या आकड्यांत पाहिले. फाटक बंद ठेवायचे असेल तर कॅमेरा सुरू हवा. दोन्ही बंद ठेवण्याला सुरक्षेचे कारण लागू होत नाही.

या पत्रातले आमचे म्हणणे एवढेच आहे. संघ जेव्हा आपल्या गावात खेळत नाही, किंवा खेळूनही प्रेक्षकाला आत घेत नाही, तेव्हा पडदा हीच त्याची स्वस्त गॅलरी असते. त्या गॅलरीला परवडणारे दार हवे.

आता कायद्याचे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्याच्या पीठात मराठी न्या. पी. बी. सावंत होते, बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या विचाराच्या पुढचे पाऊल म्हणजे 2007 चा कायदा : राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यायचे, आणि जाहिरातींच्या उत्पन्नातले किमान 75 टक्के हक्कधारकाला मिळायचे. म्हणजे हे फुकट ओरबाडणे नाही, वाटणी आहे. 2017 साली न्यायालयाने स्पष्ट केले की हे प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवर दाखवता येईल, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. यातून एक गंमत झाली. केबलचे पैसे भरणाऱ्याला दूरदर्शनवर जो सामना दिसत नाही, तो केबल सोडून गच्चीवर फ्री डिशची छत्री लावणाऱ्याला दिसतो. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याचे काही नाही. आमच्यातल्या अनेकांनी हेच केले. भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी सामने त्यावर येतात.

पण कायद्याची यादी बहुतांशी देशापाशी संपते. कर्नाटकाच्या रणजी संघाला, बुल्सला, फुटबॉलमधल्या बेंगळुरू एफसीला तिच्यात जागा नाही.

पहिली आणि सगळ्यांत मोठी मागणी म्हणून केंद्र सरकारकडे : 2007 च्या कायद्यात ‘राज्याच्या महत्त्वाचे सामने’ असा वर्ग जोडावा. त्यात रणजी, विजय हजारे आणि मुश्ताक अली करंडकांचे बाद फेरीचे सामने, तसेच प्रत्येक लीगमधल्या त्या-त्या राज्याच्या संघाचे काही ठरावीक सामने यावेत, आणि ते त्या राज्याच्या दूरदर्शन वाहिनीवर दाखवावेत. कर्नाटकाचा सामना डीडी चंदनावर, महाराष्ट्राचा सह्याद्रीवर. या दोन्ही वाहिन्या फ्री डिशवर आहेतच. उत्पन्नाची वाटणी 75:25 च राहू द्या. हक्कधारकाचे नुकसान व्हावे ही आमची इच्छा नाही. आयपीएल आम्ही फुकट मागत नाही. 2023 ते 2027 च्या हक्कांसाठी 48,390 कोटी मोजले गेले आहेत, ते कुणीतरी वसूल करणारच, हे हिशेब जाणणाऱ्या प्रत्येकाला कळते. 2023 मध्ये आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवून सवय लावली आणि नंतर दार लावले, याबद्दल मात्र आमच्या मनात राग आहे, आणि तो इथे नोंदवून ठेवतो.

असे करणारे आपण पहिले ठरणार नाही. ऑस्ट्रेलियात महत्त्वाचे सामने आधी विनामूल्य वाहिन्यांना उपलब्ध असावेत असा कायदा पूर्वीपासून आहे; 2024 मध्ये त्याची व्याप्ती ऑनलाइन सेवांपर्यंत वाढवली. अमेरिकेत तर बाजारानेच हा धडा शिकवला. तिथे स्थानिक संघ प्रादेशिक केबल चॅनेलांत कोंडलेले होते. लोकांनी केबल सोडली आणि मार्च 2023 मध्ये त्यातली सर्वांत मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघाने आपले सामने विनामूल्य वाहिनीवर आणले आणि चाहत्यांना अँटेना फुकट वाटले. संघाचा मालक अँटेना वाटतो, याचा अर्थ त्याला प्रेक्षकाची किंमत कळली. आपल्याकडच्या मालकांनी दिवाळखोरीची वाट न पाहता तेवढे शहाणपण दाखवावे.

दुसरी मागणी कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेकडे. राज्यात होणाऱ्या ज्या देशांतर्गत सामन्याचे टीव्हीवर प्रक्षेपण नाही, त्याचे किमान एका कॅमेऱ्याने, धावफलकासह, यूट्यूबवर विनामूल्य प्रक्षेपण व्हावे, आणि हक्कांच्या अटी आड येत असतील तर संघटनेने बीसीसीआयकडून तशी मुभा मिळवावी. इंग्लंडच्या कौंटी संघांनी हे कधीच सुरू केले. सुरुवातीला खांबाला बांधलेला एकच कॅमेरा होता, तरी लोक पाहत. आम्हांला रीप्ले नको, ड्रोन नको, दोन षटकांच्या मध्ये नाचणारे चित्रही नको. चेंडू दिसला आणि फलंदाज कोण ते कळले की पुरे. सोबत आकाशवाणी बेंगळुरूवर कन्नड धावते समालोचन असले तर स्वयंपाकघरातही सामना पोहोचेल. आमच्यातल्या ज्येष्ठांनी बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून कसोटी सामने ‘पाहिले’ आहेत. त्यांना चित्राचा हट्ट नाही.

तिसरी मागणी लीग आयोजक आणि ॲप चालवणाऱ्यांकडे : एका संघाचा पास द्या. आज कबड्डी पाहायची तर सिनेमे, मालिका, परदेशी फुटबॉल सगळे मिळून घ्यावे लागते. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागितली तर तो पूर्ण हातगाडी गळ्यात बांधत नाही. फॅनकोडसारख्या सेवेने एकेका सामन्याचा आणि एकेका दौऱ्याचा पास विकून दाखवला आहे. तेव्हा ‘तंत्राने शक्य नाही’ हे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही. बुल्सचा मोसम, बेंगळुरू एफसीचा मोसम, एकेक रक्कम, आधी जाहीर केलेली. आणि तो पास टीव्हीवर चालावा. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले तेव्हा 149 रुपयांची तीन महिन्यांची योजना होती, पण ती एकाच मोबाइलपुरती. घरातली सहा माणसे सहा इंचांच्या पडद्याभोवती बसून कबड्डी पाहू शकत नाहीत. दोघांना चढाई दिसते, बाकीच्यांना एकमेकांची डोकी. पास स्वयंचलित नूतनीकरणाशिवाय असावा, मोसम संपला की संपावा. ट्रायने केबलसाठी 2019 पासून एकेक चॅनेल वेगळे निवडण्याचा हक्क दिला. ॲपवर पैसे भरणाऱ्याला तोच न्याय मिळावा म्हणून ट्राय आणि मंत्रालयाने मिळून नियम करावा. ॲपचा विषय आपल्या अखत्यारीत येतो की नाही यावर दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवत बसू नये.

भाषेबाबत थोडक्यात : समालोचनाची भाषा प्रेक्षकाने निवडावी, पिन कोडने नाही. 2023 च्या आयपीएलमध्ये ॲपवर मराठी समालोचन होते. ते करणाऱ्या केदार जाधवला मोसमाच्या मध्येच बेंगळुरूच्या संघाने खेळाडू म्हणून बोलावून घेतले, हा या शहराने मराठी समालोचनाला दिलेला सर्वांत मोठा मान! कबड्डीत चढाई, पकड, लोण हे शब्द ऐकत वाढलेल्या आजोबांना मराठी आणि शेजारी बसलेल्या नातीला कन्नड, असे दोन्ही ध्वनिमार्ग प्रत्येक सामन्याला असावेत.

सार्वजनिक पडद्याचा प्रश्न नाजूक आहे. सोसायटीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून सामना दाखवणे हे बहुतेक ॲपच्या अटींविरुद्ध आहे हे आम्हांला माहीत आहे, आणि चोरट्या लिंकाही आम्हांला नकोत. म्हणून रहिवासी संघटनांसाठी अल्प शुल्काचा सामूहिक परवाना असावा, जागेच्या क्षमतेएवढीच माणसे, नावनोंदणी करून, स्थानिक पोलीस ठाण्याला कळवून. चिन्नास्वामीबाहेर जे घडले त्यानंतर एकाच जागी लाखो माणसे गोळा करण्यापेक्षा शंभर ठिकाणी थोडी थोडी माणसे बसवणे सरकारलाही सोयीचे आहे.

अपार्टमेंटच्या समित्यांनाही एक विनंती : बाल्कनीत छत्री लावायला मनाई करणार असाल तर गच्चीवर सगळ्यांसाठी एक सामाईक छत्री बसवू द्या. त्यासाठी मंत्रालयाने एक स्पष्ट पत्रक काढावे, म्हणजे वार्षिक सभेतली वादावादी वाचेल.

शेवटची मागणी प्रयोगाची. मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपण पोहोचवण्याच्या तंत्राची चाचणी बेंगळुरूत झालेली आहे, आणि ते तंत्र घडवणारी एक कंपनीही याच शहरातली. त्याचा पहिला नियमित वापर कर्नाटकाच्या रणजी सामन्यांसाठी करावा. प्रसार भारतीच्या ‘वेव्ह्ज’ ॲपवरही तेच सामने विनामूल्य असावेत.

या मागण्यांवर लेखी उत्तर पुढच्या रणजी मोसमाच्या आत मिळावे. चर्चेला बोलावल्यास आमचे प्रतिनिधी कन्नड, मराठी, हिंदी वा इंग्रजी, आपल्याला सोयीच्या भाषेत बोलतील. मागणीपत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. उत्तर न आल्यास प्रत्येक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात, आणि तो जिथे लागू नाही तिथे नोंदणीकृत टपालाने, पुन्हा विचारणा करू.

आपले,
बनशंकरीतील मराठी रहिवासी संघटनेच्या वतीने
कार्यकारिणी व सभासद, बेंगळुरू