आकडा गावाचा नव्हे, पोस्टाचा



चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेला कुठकुठचे भाविक येतात. वाट चुकली तर माणूस चार जणांना विचारतो आणि येऊन पोचतो. पाकीट मात्र मुके. त्याच्या अंगावर जे लिहिले असेल, तेच त्याचे तोंड.

आता खुशालीची पत्रे कमी झाली. पण बँकेचे कार्ड, कोर्टाची नोटीस, पोराच्या मुलाखतीचे बोलावणे अजूनही टपालाने येते. मुलाखतीची तारीख उलटल्यावर कागद हाती पडला, तर त्याची किंमत रद्दीची! आणि अर्ज भरताना नेमका पिनकोडपाशी हात अडतो. मग कुणी तालुक्याचा आकडा ठोकून देतो, कुणी सोयऱ्याच्या गावचा.

हा सहा आकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी आणि संस्कृत पंडित होते. एका नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपी आणि अर्धेमुर्धे पत्ते, यांत टपाल भरकटत असे. आपलेच पाहा ना! कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे, तसे यवतमाळ जिल्ह्यातही आहे. आपल्या कळंबचा आकडा ४१३५०७, तिकडचा ४४५४०१. नाव एक, पण आकडा पाहताच वाट वेगळी.

पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन आकडे टपालाची छाननी कोणत्या भागात व्हायची ते सांगतात. शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारे पोस्ट.

खरी गोम इथेच आहे. हा आकडा गावाचा नाही, तालुक्याचा नाही, जिल्ह्याचाही नाही. तो पोस्टाचा आहे. धाराशिवचा ४१३५०१ आणि पुणे जिल्ह्यातल्या बारामतीचा ४१३१०२, दोन्ही ४१३ मध्येच. लहान गावातल्या शाखा डाकघराला ज्या मोठ्या पोस्टातून थैली येते, त्याचाच आकडा त्या गावाला लागतो. म्हणून तालुका कळंब असला तरी आकडा कळंबचाच असेल, असे धरून चालू नका. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी आकडे तेच राहिले.

मग आकडा मिळवायचा कसा? आपल्या पोस्टमनला किंवा शाखा डाकघरात विचारा. शिकलेली मुले घरात असतील, तर डाक खात्याच्या संकेतस्थळावर त्यांना शोधू द्या. नावासारखी नावे निघतील, तेव्हा तालुका, जिल्हा आणि पोस्टाचे नाव ताडून पाहा. आधारकार्डावर आहे म्हणून बरोबरच, असेही समजू नका. तो आकडाही एकदा पोस्टात दाखवून घ्या.

मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०२५ साली डाक खात्याने डिजिपिन आणला. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्यात दहा अक्षर-आकड्यांची खूण आहे. पण त्याने पिनकोड रद्द झालेला नाही. पाकिटावर तो हवाच.

तेव्हा कारभारणींनो, घराचा पूर्ण पत्ता, म्हणजे गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि खात्री केलेला आकडा, मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. अर्ज भरायला बसले की पोरे तिथूनच उतरून घेतील.