फोटो हजारो, पण रस्ता कुठाय?

आपल्याकडे फोटोंचा दुष्काळ नाही. १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीतून, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून इतके फोटो निघतात की मोबाईलची मेमरी संपते. तरीही आमचं म्हणणं आहे की आंबेडकरी तरुणाला फोटो काढता येत नाही. राग येईल. येऊ द्या. आम्हीही त्यातलेच आहोत, म्हणून बोलतोय.

मराठवाड्यातल्या एका गावात बौद्धांच्या स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता तारेचं कुंपण घालून बंद केला होता. आम्ही सात कार्यकर्ते गेलो. सात मोबाईल, एकशे चाळीसच्या वर फोटो. तहसील कार्यालयात निवेदनासोबत ते दाखवले. साहेबांनी बोटाने फोटो सरकवले आणि विचारलं, "यात रस्ता कुठाय?"

साहेबांची नियत काय होती ते बाजूला ठेवू. प्रश्न बरोबर होता. निम्म्या फोटोंत आम्हीच होतो, हात वर करून, निळे गमछे घालून. उरलेल्यांत खांब होते, तार होती. ती कुठल्याही शेताची तार असू शकली असती. गाव, रस्ता, कुंपण आणि पलीकडची स्मशानातली शेड एकाच चौकटीत असलेला एकही फोटो नव्हता. आठवड्याने परत गेलो तर खांब काढलेले आणि रस्ताच नांगरलेला. आता तिथे रस्ता होता हे सिद्ध करायची जबाबदारी आमच्यावर!

कॉम्पोझिशन म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं, हे पैसेवाल्यांचं फॅड. महागडे कॅमेरे, सूर्यास्त, पक्षी. अरे, कॉम्पोझिशन म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशेजारी दिसली पाहिजे याचा निर्णय, एवढंच. समाजशास्त्र शिकताना आम्ही गावाचे नकाशे काढले. जात त्या नकाशात अंतर म्हणून दिसते: विहीर इथे, देऊळ तिथे, वस्ती गावकुसाबाहेर. ते अंतर ज्या फोटोत येत नाही, त्यात जात येत नाही. नुसता रडणारा चेहरा जवळून टिपला की अन्याय गायब होतो, उरते ती कीव. अनेक संस्थांच्या अहवालांत आपली माणसं अशीच असतात: उकिडवी बसलेली बाई, वर बघणारे डोळे, आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवरून खाली रोखलेला. गुडघे वाकवून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला पाच सेकंद लागतात.

ही नजर नवी नाही. १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. जातीजमातींचे फोटो आणि खाली वर्णन. माणूस नमुन्यासारखा उभा. उलट अमेरिकेत गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी आयुष्यभर स्वतःचे फोटो काढून घेतले, गंभीर चेहऱ्याने, थेट रोखून बघत, कारण गोऱ्यांच्या व्यंगचित्रांतला काळा माणूस त्यांना खोडून काढायचा होता. आपल्याकडे बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपली बाजू येत नव्हती. छापखान्याबद्दलचा तो धडा आपण पाठ केला. कॅमेऱ्याला मात्र अजून लावला नाही.

यंत्रही तटस्थ नसतं. कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड द्यायची, 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तिची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर. गडद कातडीच्या माणसांचं काय होतं याची पर्वा नव्हती. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेने कोडॅकच्या माणसांशी बोलून लिहिलंय की गडद तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा कुठे फिल्म सुधारू लागली.

तुमच्या मोबाईलचा त्रास वेगळा, पण परिणाम तोच. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्याच्या आसपास आणू बघतो. दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्यांचा समुद्र समोर असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. साडी करडी होते आणि आपल्या आयांचे सावळे चेहरे काळे ठिक्कर. मग पोरं फिल्टर लावून त्यांना गोरं करतात! हे आम्हाला सगळ्यात जास्त लागतं. उपाय साधा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेका, फोकस तिथे बसेल. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा. कातडीचा खरा रंग येईपर्यंतच. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, तेव्हा माणसाला मंडपाच्या कडेला, सावलीत घ्या.

आता आपल्याच स्टेजकडे वळू. जयंतीच्या अल्बममध्ये मधोमध कोण असतं? हार घातलेले साहेब, शेजारी दुसरे साहेब, मागे फ्लेक्सवर त्यांचेच चेहरे. पहाटे चारपासून खिरीच्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाया कडेला अर्ध्या कापलेल्या असतात. रमाईच्या नावाने घोषणा द्यायच्या आणि फ्रेममधून रमाई कापायची, हा आपला ब्राह्मणी संस्कार आहे. दुसरा शब्द आम्हाला सापडत नाही. मोबाईलमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा, मधली चौकट मोकळी ठेवून बघा, कडांवर कोण कापलं जातंय ते दाबण्याआधी तपासा. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते गटारात उतरलेल्या माणसाच्या जवळ जाऊन. ते बघा, आणि कॅमेरा कुठे उभा आहे ते शोधा.

कॅमेरा कुठे उभा आहे, हा प्रश्न जुलै २०१६ मध्ये उनाने आपल्या तोंडावर फेकला. चार तरुणांना गाडीला बांधून मारल्याचा तो व्हिडिओ मारणाऱ्यांच्या बाजूनेच काढला आणि पसरवला गेला. त्यांना तो मिरवायचा होता. देशभर संताप उसळला तो त्याच चित्रांवर, पण त्यातली नजर मारणाऱ्याची होती. तोच व्हिडिओ आपण पार्श्वसंगीत लावून स्टेटसला ठेवतो, तेव्हा कुणाची फ्रेम फिरवतो आहोत? खैरलांजीनंतरही मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. सरकार हललं ते त्यामुळेही, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या घरात मागे उरलेल्या माणसाला कुणी विचारलं होतं का, हे आम्हाला अजून टोचतं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२.

पुराव्याचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो आकसतो, वेळ-ठिकाणाची नोंद गळून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाईल आणि मूळ फोन जपा, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र मागितलं जातं. त्यावर एक अक्षरही लिहू नका, फिल्टर नको, निळी पट्टी नको, जयभीमसुद्धा नको.

"आधी संघर्ष, मग कला," असं एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला सुनावलं. दादा, नांगरलेल्या रस्त्यावरून आजही प्रेत शेताच्या बांधाने न्यावं लागतं. आमच्याकडे एक फोटो असता तर!

सध्या दर रविवारी विहारात आम्ही दहा-बाराजण बसतो. काच फुटलेला मोबाईलही चालतो. पहिला सराव एकच: आपल्या वस्तीतली एखादी तक्रार तीन फोटोंत मांडायची. एक लांबून, ज्यात पाण्याची टाकी किंवा शाळेसारखी ओळखीची खूण येईल. एक मधून, ज्यात माणूस उभा असेल, म्हणजे उंची-रुंदी कळेल. एक अगदी जवळून. मग ते गावाबाहेरच्या माणसाला दाखवायचे आणि आपण तोंड उघडायचं नाही. गेल्या वेळी तुंबलेल्या नालीचे फोटो आले होते. बघणाऱ्याने विचारलं, "हे कुणाचं लग्न आहे?" मागे मांडव आला होता. परत काढायला पाठवलंय.