दहा अँपिअरचं अंथरूण

कॅम्परव्हॅनची वीज गेली की ब्रिटनमधली आपली मंडळी साइटवाल्याच्या नावानं बोटं मोडतात. आधी गणित करा. हुकअपला १० अँपिअर असतील, तर २३० व्होल्टवर २३०० वॉट मिळतात. घरून आणलेली ३००० वॉटची किटली एकटीच त्यात मावत नाही. वर हीटर आणि बॅटरीचा चार्जर चालूच! काही साइटवर खांब कुलूपबंद असतो. मग सकाळपर्यंत पोरं गारठतात.

इन्व्हर्टर हा त्यावर उपाय नव्हे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीच किटली अडीचशेहून जास्त अँपिअर ओढते. लेड-ॲसिड बॅटरी सारखी निम्म्याखाली उतरवलीत, तर ती लवकर मरणारच. चहा-कुकर गॅसवर करा, नाहीतर एक किलोवॉटची किटली घ्या. साइट बुक करतानाच अँपिअर विचारा. शिव्या नंतर.