वाट अडवण्याचा हक्क

अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचे वकील एकच बचाव पुन्हा पुन्हा मांडतात. माल चांगला म्हणून कंपनी मोठी झाली. ज्याला पटत नाही त्याने दुसरीकडे जावे. शिवाय स्वतःच्या पैशाने उभारलेली सोय प्रतिस्पर्ध्याला वापरू द्यायची सक्ती झाली, तर उद्या भांडवल कोण घालणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या ट्रिंको खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी या शेवटच्या मुद्द्याला मोठे बळ दिले.

मोठे होणे हा गुन्हा नाही, हे मान्य. १८९० चा मक्तेदारीविरोधी शर्मन कायदाही तसे म्हणत नाही. बाकीचे म्हणणे मात्र टिकत नाही.

मिनेसोटातले एल्बो लेक हे छोटे गाव पाहा. ऑटर टेल पॉवर कंपनीच्या वीजवाटपाच्या परवान्याची मुदत संपल्यावर गावाने ठरवले, वीजवाटप आपणच करू. कंपनीने घाऊक वीज विकायला नकार दिला, आणि सरकारी प्रकल्पांची वीज आपल्या तारांवरून आणू द्यायलाही. तारा तिच्याच. मग गावाने जायचे कुठे? तारांच्या वापराचे पैसे घेऊन वीज नेता आली असती, म्हणजे भांडवल बुडण्याची भीतीही पोकळच. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध कौल दिला, तो योग्यच होता.

गूगल म्हणते, दुसरे सर्च इंजिन एका क्लिकवर आहे. मग फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच सर्च आधीपासून बसवून मिळावे म्हणून त्याने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम का मोजली? मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीच बसवलेले असते, आणि तिथले सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. लोक समोर असेल तेच वापरतात. ही जागा विकत घेणे म्हणजे वाट अडवणेच. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवले.

अशा वेळी कंपनी मोडावीच लागते असे नाही. सेंट लुईसमध्ये मिसिसिपी ओलांडायचे रेल्वेपूल आणि टर्मिनल एकाच गटाच्या हाती गेले होते. १९१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर रेल्वे कंपन्यांनाही वाजवी अटींवर प्रवेश द्यायला लावला. मालकी राहिली, अडवणूक गेली. मला हाच मार्ग पटतो: सर्वांना सारख्या अटी, आणि नकार द्यायचा तर सबळ कारण दाखवण्याची जबाबदारी वाटेच्या मालकावर.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मधला मेहतांचा पुढचा आदेश मला अपुरा वाटतो. गूगलचे एकाधिकाराचे करार त्यांनी बंद केले, काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना द्यायला लावला. पण त्या मोक्याच्या जागेसाठी पैसे मोजण्याची मुभा तशीच ठेवली.