पडद्यावरील पट आणि पडद्यामागील पेढी

अनेकांनीं मिळून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाच्या मतें मुलगा मोबाईल घेऊन कोपऱ्यांत बसला कीं तो हातचा गेला; दुसऱ्याच्या मतें हा नव्या युगाचा क्रीडाधर्म असून त्यावर आक्षेप घेणारा तेवढा जुनाट. पहिल्यानें खेळ पाहिलेला नसतो, दुसऱ्यानें खेळाचा हिशेब पाहिलेला नसतो. आमचें म्हणणें असें कीं, ह्या खेळांचे गुण खरे आहेत आणि दोषहि खरे आहेत. परंतु सर्वांत घातक दोष खेळापेक्षां त्याच्या विक्रीच्या रीतींत आहेत, आणि आपला राग मात्र नेमका खेळावर निघतो.

प्रथम गुण पाहूं. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनीं ‘मड’ नांवाचा खेळ रचला. त्यांत चित्रें नव्हतीं, केवळ शब्द होते. पण एकाच कल्पित प्रदेशांत अनेक माणसें एकाच वेळीं वावरूं शकत, आणि पुढील सर्व विस्ताराचें बीज तेंच. २००४ सालीं निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार २०१० सालीं १ कोटि २० लाखांपर्यंत गेले. आरंभीं त्यांतील मोठ्या मोहिमांस ४० गडी लागत. कोणी ढाल होऊन पुढें उभें राहावयाचें, कोणी जखमा भरावयाच्या. एकानें उतावीळपणा केला तर चाळीसांचा घात. आट्यापाट्यांच्या मैदानावर जें शिक्षण मिळतें त्याच जातीचें हें शिक्षण आहे. आइसलंडांत २००३ सालीं जन्मलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्यें तर खेळाडू २००८ पासून मतदानानें आपले प्रतिनिधि निवडतात व ते खेळाच्या मालकांशीं वाद घालतात. ह्याला निव्वळ पोरखेळ म्हणणारांनीं आपल्या गृहसंस्थेची वार्षिक सभा एकदां आठवावी.

ह्याहून मोठा एक गुण आहे. नॉर्वेमधील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या असाध्य विकारानें २०१४ सालीं वयाच्या २५ व्या वर्षीं वारला. आपला मुलगा एकाकी जगला, असें त्याचे आईबाप समजत होते. मृत्यूनंतर दूरदूरच्या खेळाडूंचीं पत्रें येऊं लागलीं, कांहीं जण अंत्यविधीस आले, आणि चाकांच्या खुर्चींत खिळलेल्या ह्या मुलाला खेळांतील जगांत जिवलग मित्र होते हें त्यांस प्रथमच कळलें. त्याच्या जीवनावरील चित्रपट २०२४ सालीं प्रसिद्ध झाला आहे. देहाच्या दुबळेपणावर मात करून माणसास माणसांत नेणारें साधन सरसकट व्यसन ठरवणें ही आमच्या मतें विचाराची आळस होय.

आतां दोष. ते गुणांच्याच मुळांतून फुटतात. एकट्याचा खेळ कोठेंहि टाकून उठतां येतें. येथें समोर जिवंत सोबती खोळंबलेले असतात. जेवावयास हांक मारल्यावर ‘आई, एवढी मॅच संपूं दे’ असें मुलगा म्हणतो, तेव्हां तो बहुधा उद्धटपणा करीत नसतो. तीन सोबत्यांस दिलेला शब्द राखीत असतो. परंतु शब्द रोज, मध्यरात्रीपर्यंत, अभ्यास व झोंप बुडवून राखावा लागला, कीं निष्ठेचीच बेडी होते. जागतिक आरोग्य संघटनेनें १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगसूचींत खेळाच्या विकाराचा समावेश आहे. पण त्याचीं लक्षणें नीट वाचावीं: खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रस्थान देणें, आणि हानि दिसत असूनहि खेळत राहणें; आणि हें सामान्यतः वर्षभर दिसावें लागतें. दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी ठरवण्याची सोय त्यांत नाहीं.

दुसरा दोष मालकीचा. ह्या जगांत रहिवासी कितीहि वर्षें राबला तरी तो भाडेकरूच. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ सालीं मालकांनीं बंद केलें; २०२४ सालीं ‘द क्रू’ बंद पडला, तेव्हां पैसे मोजून तो घेतलेल्यांच्या हातीं कांहींहि उरलें नाहीं.

तिसरा दोष पेढीचा, आणि खरें विष येथें आहे. मासिक वर्गणीचा जुना खेळ खानावळीसारखा होता: एकदां पैसे भरले कीं पोळ्या दोन खा अथवा चार खा. गिऱ्हाईक टिकावें म्हणून तेथेंहि रोजचीं कामें लावून ठेवीत, हें खरें. पण देण्याला मर्यादा होती. आजच्या फुकट खेळांत दारावर तिकीट नाहीं. गरिबाच्या मुलालाहि स्वस्तांतल्या मोबाईलवर तो खेळतां येतो, हा त्याचा मोठाच गुण मानला पाहिजे. परंतु आंत शिरल्यावर पोशाख, नाणीं आणि काय निघेल तें न सांगणाऱ्या बंद पेट्या विकावयास मांडलेल्या असतात. बेल्जमनें २०१८ सालीं अशा पेट्या जुगारांत मोजल्या. ‘फोर्टनाइट’च्या मालकांनीं डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगास ५२ कोटि डॉलर देण्याचें कबूल केलें; त्यांपैकीं २४.५ कोटि, बटणांच्या फसव्या मांडणीनें नको ती खरेदी झालेल्या गिऱ्हाइकांस परत करण्यासाठीं होते. द्यूतसभेंत पट निर्दोष होता. पाप फांसे टाकणाऱ्याच्या हातांत होतें. आपण पट जाळतों आणि शकुनीला वाट मोकळी देतों.

आपल्याकडील बंदीचा इतिहास पाहा. सप्टेंबर २०२० मध्यें ‘पबजी मोबाईल’ बंद झाला, तो देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. २०२१ मध्यें तोच खेळ नव्या नांवानें आला, २०२२ मध्यें पुन्हां अडवला गेला, २०२३ मध्यें पुन्हां सुरू झाला. ह्या येरझारांत मुलाच्या झोंपेचा व बापाच्या पैशाचा प्रश्न होता तेथेंच राहिला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ निषिद्ध केले, हें योग्यच झालें. परंतु ज्या पेटींतून पैसा नव्हे तर केवळ रंगीत अंगरखा निघतो, तिचा बंदोबस्त त्यानें होत नाहीं. चीननें २०२१ सालीं अल्पवयीनांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं ८ ते ९ एवढीच मुभा ठेवली. मुलाच्या घड्याळावर सरकारनें पहारा करावा, हें आम्हांस मान्य नाहीं. तो अधिकार घराचा आहे. पेढीवर मात्र पहारा अवश्य हवा.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. नशिबाची बंद पेटी अल्पवयीनांस विकूं नये. प्रत्येक वस्तूची किंमत खेळांतील बनावट नाण्यांत न दाखवतां रुपयांत दाखवावी. खेळ बंद करणाऱ्या मालकानें विकलेली वस्तु गिऱ्हाइकास वापरतां येईल अशी सोय आधीं करावी. आणि पालकांनींहि एक कष्ट घ्यावा: डाव किती मिनिटांचा असतो हें मुलास विचारावें, डावाच्या मध्यें तार ओढूं नये, व पुढचा डाव मांडूं देऊं नये. जो बाप सोबत्यांस दिलेला शब्द पाळूं देतो, त्याला घरांत दिलेला शब्द पाळण्याची मागणी करण्याचा अधिकार राहतो. ज्याला खेळाचें नांवहि ठाऊक नाहीं, त्याच्या रागाला मुलगा भितो; त्याचें ऐकत नाहीं.